भाडेकरू क्रमांक 386

लिनक्सवाल्या माणसाला ‘माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स चालेल का?’ असं उभ्याउभ्या विचारू नये. तो आधी खुर्ची ओढून बसतो. प्रोसेसर कोणता, कितव्या पिढीचा, बत्तीस बिट की चौसष्ट, रॅम किती, बायोसमध्ये कोणी काही चाळे करून ठेवलेत का, अशी सगळी चौकशी झाली की म्हणतो, “चालेल की. न चालायला काय झालं? पण कुठलं लिनक्स हवंय तुम्हाला?” विचारणारा इथे गारठतो. लिनक्स हे एकच असतं अशा समजुतीने बिचारा आलेला असतो. उबंटू, डेबियन, मिंट, फेडोरा ही नावं कानावर पडली की ‘बरं, विचारून सांगतो’ म्हणून उठतो. कोणाला विचारणार, ते त्यालाही माहीत नसतं.

अलीकडे या प्रश्नाला बरे दिवस आलेत. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10चा मोफत आधार संपला, आणि विंडोज 11 घ्यावं तर मायक्रोसॉफ्टची प्रोसेसरांची यादी आडवी येते. इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीचा तरी हवा, म्हणजे 2017च्या उत्तरार्धापासूनचा. सातवी पिढी त्याच वर्षी जानेवारीत डेस्कटॉपवर आली होती, ती बाहेर. वर्ष तेच, पण जानेवारीचा जन्म नडला. सातव्या पिढीतल्या ज्या थोड्या मंडळींना आत घेतलं त्यांत आय7-7820एचक्यू नावाचा एक प्रोसेसर आहे, आणि तो मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस स्टुडिओ 2 या महागड्या कॉम्प्युटरात बसवलेला होता. यादी करणाऱ्याच्या घरचा माणूस यादीत कसा आला, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

याच काळात दुसरीकडे काय चाललं होतं पाहा. 19 एप्रिल 2021 रोजी मंगळावर ‘इंजेन्युइटी’ नावाचं चिमुकलं हेलिकॉप्टर उडालं. त्यात लिनक्स होतं आणि प्रोसेसर होता स्नॅपड्रॅगन 801, म्हणजे 2014च्या सुमाराला मोबाइल फोनमध्ये मिळायचा तो. उड्डाणं पाच ठरली होती, झाली बहात्तर. तेव्हा 2014ची फोनची चिप मंगळावर विमानविद्या करू शकते, पण 2017च्या जानेवारीतला डेस्कटॉप पृथ्वीवर सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब करायला म्हातारा ठरतो. यात सुरक्षेची खरी कारणं आहेत, टीपीएम 2.0 वगैरे आहे, मला ते मान्य आहे. तरी पण हसू येतं.

मग लिनक्सवाले सगळ्यांना घरात घेतात की काय? तर तसंही नाही. तिथलं प्रकरण समजायला थोडं मागे जावं लागतं.

25 ऑगस्ट 1991. हेलसिंकीतल्या लिनस तोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं, की मी आपला हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय. मोठं किंवा धंदेवाईक असं काही व्हायचं नाही त्यातून. ही चालते इंटेलच्या 386वर, दुसऱ्या कुठल्या प्रोसेसरवर नेता येणार नाही, आणि माझ्याकडे जी हार्डडिस्क आहे तिच्याखेरीज दुसरी कुठली बहुधा कधीच चालणार नाही. त्याच्याकडे हप्त्यावर घेतलेला एक 386 होता. तो जे करू शकत होता ते लिनक्स करत होतं. संगणकाच्या इतिहासात इतकं चुकलेलं भाकीत क्वचितच सापडेल, आणि तेही खुद्द मालकाचं. आज जगातले पहिले पाचशे महासंगणक घ्या, नोव्हेंबर 2017च्या यादीपासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत.

एका प्रोसेसरसाठी लिहिलेली सिस्टिम दुसऱ्यावर का चालत नाही, असा साधा प्रश्न इथे कोणी विचारील. प्रत्येक घराण्याच्या प्रोसेसरला आपापल्याच सूचना कळतात. लिनक्सचा बराचसा मजकूर सी भाषेत आहे आणि तो सगळ्यांना सामायिक. पण सुरू व्हायचं कसं, मेमरीची पानं मांडायची कशी, मध्येच कोणी हाक मारली तर हातातलं काम कुठे ठेवायचं, हे प्रत्येकासाठी वेगळं लिहावं लागतं. ही वेगळी कलमं लिनक्सच्या मुळाशी, म्हणजे कर्नलमध्ये, ‘आर्च’ नावाच्या एका फोल्डरात राहतात. हे फोल्डर उघडून बघितलं की मला थेट पुण्यातला जुना वाडा आठवतो. एका चौकाभोवती वीसएक खोल्या आणि प्रत्येक दारावर वेगळं आडनाव.

पुढच्या प्रशस्त खोल्यांत एक्स86, म्हणजे इंटेल आणि एएमडी. एकमेकांशी बोलत नाहीत, पण नळ एकच. माडीवर एआरएम, पूर्वी कुणाच्या खिजगणतीत नव्हता. घराघरातल्या फोनमध्ये शिरल्यापासून त्याचाच दरारा. एका बाजूला एस390, आयबीएमच्या मोठ्या मेनफ्रेमचं घराणं. फार बाहेर दिसत नाही, पण बँकांचे व्यवहार ह्याच्याकडे. नव्याने आलेल्यांत चीनचा लूंगआर्च आहे आणि रिस्क-व्ही आहे. या रिस्क-व्हीच्या खोलीत आपलेही पाहुणे आहेत: आयआयटी मद्रासची ‘शक्ती’ आणि ज्या सी-डॅकचं मुख्यालय पुण्यातच आहे त्यांचं ‘वेगा’. आणि अगदी मागच्या बाजूला, जिन्याखाली, एम68के. अमिगा, अटारी आणि जुन्या मॅकिंटॉशमधला मोटोरोलाचा प्रोसेसर. ही यंत्रं बाजारातून जाऊन एक पिढी लोटली. पण म्हातारबुवांची खोली अजून चालू आहे, कारण त्यांच्याकडे रोज डोकावणारं कोणीतरी आहे.

सगळं इथेच अडतं. वाड्यात राहण्याची अट वय ही नाही आणि भाडं तर नाहीच नाही. अट एकच, की तुझ्यासाठी निस्तरणारा माणूस दाखव. त्यासाठी कर्नलमध्ये ‘मेंटेनर्स’ नावाची एक लांबलचक फाइल आहे. त्यात प्रत्येक भागापुढे स्थिती लिहिलेली असते. कोणाला पगारी माणूस सांभाळतो, कोणाला हौशी माणूस, कोणाकडे जमेल तेव्हा बघितलं जातं, आणि काहींच्या पुढे सरळ ‘अनाथ’ असं लिहितात. सरकारी कागदावर हा शब्द बघून पोटात कालवतं, इथे मात्र तो अगदी कोरडेपणाने लिहिलेला असतो, कारण पुढची पायरी ठरलेली असते. 2018 साली 4.17 या आवृत्तीत एका झटक्यात आठ खोल्या रिकाम्या केल्या. ब्लॅकफिन, क्रिस, मेटॅग, टाइल अशी त्यांची नावं. लाखो ओळी गेल्या. रडायला कोणी आलं नाही. वापरणारे असते तर आलेही असते.

इटेनियमचं तसं नव्हतं. इंटेलने 2001 साली फार गाजावाजा करून हा प्रोसेसर आणला. जुनं सगळं मोडीत, यापुढे हाच, असा एकूण नूर होता. चेष्टेखोरांनी तो बाजारात यायच्या आधीच त्याचं ‘इटॅनिक’ असं बारसं करून टाकलं, हिमनग पुढे आहे हे धरूनच. शेवटची खेप 2021 साली रवाना झाली. त्याच वर्षी कर्नलच्या फाइलीत त्याच्यापुढे ‘अनाथ’ लिहिलं गेलं, आणि जानेवारी 2024 मध्ये आलेल्या 6.7 आवृत्तीतून त्याचं सामान बाहेर काढलं. मग मात्र काही मंडळी उगवली: अहो, आम्ही वापरतो की! यावर तोरवाल्ड्स यांचं उत्तर वाड्याच्या मालकाला शोभेल असं होतं. मला हा प्रोसेसर मनापासून आवडत नाही, पण तुम्ही वर्षभर बाहेरच्या बाहेर सांभाळून दाखवलात तर परत घेण्याचा विचार करू. नावडत्याला दार बंद केलं नाही, आवडत्याला पायघड्या घातल्या नाहीत.

पायघड्या घातल्या नाहीत याचा पुरावा म्हणजे खुद्द 386. ज्याच्यासाठी वाडा बांधला तोच पहिला भाडेकरू 2012च्या डिसेंबरात बाहेर निघाला. कारण असं, की कर्नलमध्ये एकाच वेळी अनेक प्रोसेसर सांभाळताना एक विशिष्ट सूचना लागते. ‘तुलना कर आणि जुळलं तरच बदल’ अशा अर्थाची. 486ला ती येते, 386ला येत नाही. त्या एकट्यासाठी जागोजागी वेगळा जुगाड करावा लागत होता. कर्नलवर काम करणाऱ्या इंगो मोलनार यांनी ही छाटणी पाठवताना लिहिलं, की तुमचा तो 1991चा जुना 386 आता नवं लिनक्स चालवू शकणार नाही, आणि खाली एक हुंदकाही जोडला. तोरवाल्ड्स म्हणाले, मी हळवा नाही, पीडा गेली. आपल्याकडे पहिल्या स्कूटरचं हॅंडल माळ्यावर ठेवणारे लोक आहेत, त्यांनी हे वाचू नये. मोलनार यांनी 2025 साली 486चंही सामान बांधायचा प्रस्ताव मांडला.

दुजाभाव नाही, पण उदारपणालाही टोकं असतात. कर्नलने खोली ठेवली तरी वरच्या मजल्यावरचे लोक, म्हणजे उबंटू, डेबियन, रेड हॅट वगैरे वितरणं, आपापले नियम करतात. डेबियनने ऑगस्ट 2025च्या तेराव्या आवृत्तीत बत्तीस बिटवाल्या जुन्या पीसींसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. रेड हॅटच्या दहाव्या आवृत्तीला ज्या सूचना लागतात त्या इंटेलमध्ये 2013च्या हॅसवेलपासून मिळतात, आणि हॅसवेलमध्येही स्वस्तातल्या पेंटियम-सेलेरॉनना त्या दिलेल्या नाहीत. त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या नावाने बोटं मोडणारा लिनक्सवाला भेटला तर त्याला रेड हॅट 10चं नाव सांगावं. तो विषय बदलतो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्यांचा असेंबल केलेला पीसी, चौथ्या पिढीचा आय5. मी पेनड्राइव्ह लावून लिनक्स सुरू केलं आणि प्रोसेसरची माहिती दाखवणारी फाइल त्यांना उघडून दाखवली. लिनक्समध्ये ‘प्रॉक’ नावाच्या जागी ‘सीपीयूइन्फो’ अशी एक फाइल असते, तिच्यात प्रोसेसर स्वतःबद्दल जे सांगतो ते सगळं असतं. पहिल्याच ओळींत विक्रेत्याचं नाव, बरोबर बारा अक्षरांचं, कारण तेवढीच मावतात. इंटेलने तिथे ‘जेन्युइनइंटेल’ लिहिलंय, एएमडीने ‘ऑथेंटिकएएमडी’. सायरिक्स नावाची एक कंपनी होती तिने ‘सायरिक्सइन्स्टेड’ असं टाकलं होतं, म्हणजे त्यांच्याऐवजी आम्ही. चिपच्या पोटात, जिथे ग्राहकाची नजर कधी पोचणार नाही, तिथेही यांना जाहिरात सुचते.

काका चष्मा वर करून खाली खाली जात होते. एका जागी थांबले.

“हे बोगोमिप्स 6385 काय आहे?”

“ते काही नाही, काका. सुरू होताना कर्नल किती वेगाने काही न करता बसू शकतो, त्याचा आकडा. खोटाच असतो. बोगस म्हणून बोगो.”

“खोटा आहे तर लिहिलाय कशाला?”

“लिनसनेच ठेवलाय तो. लोक बघतात.”

“आमच्या खात्यात असे बरेच आकडे होते,” काका म्हणाले आणि पुढे वाचू लागले. मग ‘बग्ज’ या शब्दाशी त्यांचं बोट थबकलं. तिथे ओळीने नावं होती: सीपीयू_मेल्टडाउन, स्पेक्टर_व्ही1, स्पेक्टर_व्ही2, एल1टीएफ, एमडीएस, आणखी चार-पाच.

“अरे, हे एवढे रोग याला?”

“सगळ्यांनाच आहेत, काका. 2018च्या जानेवारीपासून एकेक कळत गेला. प्रोसेसर घाई करतो, पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून आधीच काम उरकून ठेवतो, आणि त्या घाईत दुसऱ्याचं गुपित हलक्या आवाजात बोलून जातो. लिनक्सने औषध दिलंय, पण त्याने थोडा मंदावतो.”

“माझ्या रक्तदाबाच्या गोळीनेही तेच होतं,” असं ते म्हणाले आणि त्यांना त्या यंत्राबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली.

मला स्वतःला या फाइलीच्या जुन्या, बत्तीस बिटच्या काळातल्या नोंदी जास्त आवडतात. तेव्हा ‘एफडिव्ह बग: नाही’, ‘एफ00एफ बग: नाही’, ‘कोमा बग: नाही’ अशी विमा कंपनीच्या फॉर्मसारखी प्रश्नावली असायची. एफडिव्ह म्हणजे 1994 साली पेंटियमला भागाकार चुकायचा ती भानगड. थॉमस नाइसली नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने ती उघडकीला आणली आणि इंटेलला साडेसत्तेचाळीस कोटी डॉलर बाजूला काढून ठेवावे लागले. एफ00एफ त्यानंतर तीन वर्षांनी सापडला. एक विवक्षित सूचना दिली की पेंटियम जागच्या जागी गोठायचा, कोणीही साधा वापरकर्ता असला तरी. आणि कोमा सायरिक्सचा, नावाप्रमाणे. हे सगळे दोष चिपमध्ये कायमचे कोरलेले. बदलता येत नाहीत. मग कर्नलवाले प्रत्येकासाठी आडवाट काढतात आणि फॉर्ममध्ये नोंद करतात.

पण माझा लाडका किस्सा पेंटियम एमचा. 2003च्या आसपास लॅपटॉपमध्ये येणाऱ्या या प्रोसेसरांच्या सुरुवातीच्या काही नगांना पीएई नावाची मेमरी वाढवण्याची विद्या येत होती, पण ‘तुला काय काय येतं?’ असं विचारलं तर ते पीएईचं नाव घ्यायचे नाहीत. पुढे उबंटू 12.10 ने पीएईची सक्ती केली आणि विद्या येत असूनही ही सगळी मुलं नापास झाली. शेवटी कर्नलमध्ये ‘फोर्सपीएई’ असा एक पर्याय घालावा लागला. म्हणजे काय, तर येतं तुला, मला माहीत आहे, करून दाखव. त्याआधी कर्नल बजावून सांगतो की हे तुम्ही आपल्या जबाबदारीवर करताय. आणि करून झाल्यावर स्वतःच्या दप्तरात, ‘मी आता बाटलो आहे’ अशी नोंद करून ठेवतो, म्हणजे पुढे काही बिघडलं तर कोणी त्याच्याकडे तक्रार घेऊन येऊ नये. मोडेन पण वाकणार नाही म्हणणाऱ्यांना हे जमणार नाही. हा वाकतो आणि तसं लिहूनही ठेवतो.

तर काकांचा प्रोसेसर लिनक्सवर उत्तम चालला. प्रोसेसर जवळजवळ नेहमीच चालतो, हे कोणी सांगत नाही. ज्याची एवढी चौकशी होते तो दहा मिनिटांत सुटतो आणि अडतं ते दुसरीकडेच. काकांच्या पीसीला वायफायसाठी बोटाएवढा एक डोंगल लावलेला होता, कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही. लिनक्सने त्याच्याकडे पाहिलं, ओळख दाखवली नाही. त्याचा ड्रायव्हर हवा. ड्रायव्हर इंटरनेटवर. इंटरनेट डोंगलमधून.

काकांना क्षणभरही आश्चर्य वाटलं नाही. “फाइल गहाळ झाल्याचा अर्ज त्याच फाइलीला लावायचा असं आमच्याकडे होतं,” ते म्हणाले आणि स्वतःचा मोबाइल केबलने पीसीला जोडून मोकळे झाले. यूएसबी टेदरिंग हा शब्द त्यांनी वापरला, मी नाही. नातवाने शिकवलं असावं.

इतकं झाल्यावर ज्यांना कुठल्याही प्रोसेसरवर लिनक्स चालवून दाखवायची खुमखुमी असते, त्यांच्याबद्दल दोन शब्द. ही जमात नेटबीएसडी या भावकीतल्या दुसऱ्या सिस्टिमकडेही आहे. तिथल्यांनी टोस्टरवर ती चालवून पाव भाजून दाखवलाय. पण दिमित्री ग्रिनबर्ग यांची सर कोणाला नाही. त्यांनी 2012 साली आठ बिटच्या एका एव्हीआर चिपवर, जी साधारण खेळण्यात किंवा गीझरच्या कंट्रोलमध्ये शोभेल, लिनक्स आणलं. थेट ते शक्य नाही. त्या चिपला मेमरीची पानं मांडायची सोयच नाही. म्हणून त्यांनी तिच्याकडून एआरएम प्रोसेसरचं सोंग घेववलं आणि त्या सोंगावर लिनक्स चढवलं. कमांड लिहायची जागा यायला दोन तास.

तरीही त्यांचं समाधान झालं नाही. 2024 मध्ये त्यांनी इंटेल 4004 घेतला. हा 1971चा, इंटेलने विकलेला पहिला मायक्रोप्रोसेसर, चार बिटचा, 2300 ट्रान्झिस्टरचा, मुळात कॅल्क्युलेटरसाठी केलेला. त्याला त्यांनी एमआयपीएस प्रोसेसरचं सोंग दिलं आणि त्यावर डेबियन सुरू केलं. सुरू व्हायला लागतात 4.76 दिवस. म्हणजे सोमवारी सकाळी आठला बटण दाबलं तर शनिवारी पहाटे दोनच्या सुमाराला पडद्यावर कमांडची खूण लुकलुकायला लागते. तेव्हा जागं राहून ‘एलएस’ टाइप करायचं की नाही, हे मात्र पुढचे दिवस मोकळे आहेत का ते बघून ठरवावं.